जुन्या हर्सच्या शोधात गोवा: पावसातले तीन दिवस

हर्स म्हणजे शववाहिका. जुनी हर्स विकत घ्यायची म्हणून गोव्यात जुलैत गेलो ते मुद्दाम. ऑक्टोबर उजाडला की गोव्यातली विकायची जुनी गाडी धुऊन, काळा रंग मारून उभी असते. भर पावसात मात्र ती कुठे गळते आणि पाणी कुठे साठतं हे कोणालाच लपवता येत नाही. मडगावहून सुरुवात करून सासष्टी, मग फोंडा, शेवटी म्हापसा अशी फेरी केली. पाच गाड्या पाहिल्या, त्यांतल्या दोनच कामाच्या निघाल्या.

गावात 'शववाहिका आहे का' असं विचारलं तर लोक पालिकेची नवी पांढरी व्हॅन दाखवतात. 'जुनी हर्स' असं विचारा. गॅरेजवाल्यांपेक्षा शवपेट्या करणाऱ्या सुताराला जास्त माहिती असते, कारण पेटीची लांबी-रुंदी गाडीच्या डेकवर, म्हणजे पेटी ठेवायच्या मागच्या तळावर, बसेल अशीच ठेवावी लागते. कुठल्या गावात कुठली गाडी होती हे त्याच्या मापांत असतं. त्यानंतर चर्चची फाब्रिका (चर्चची मालमत्ता सांभाळणारी समिती) आणि कॉन्फ्रारिया (भाविकांचा संघ) यांच्याकडे विचारा. दुपारी 1 ते 3 कोणाचंही दार वाजवू नका. रविवार सोडा, आणि 2 नोव्हेंबरचा, मृतांच्या स्मरणाचा दिवस मागेपुढे असेल तर तो आठवडाही सोडा. हाताने ओढायचा जुना गाडा मिळाला तर चाकं आणि सांधे कसे असायला हवेत हे आधी बाणावलीच्या 'गोवा चक्र' संग्रहालयामध्ये जुन्या गाड्या पाहून डोळ्यांत भरून घ्या.

मोटारींत तीन प्रकार समोर येतात. पोर्तुगीज काळात आलेल्या मर्सिडीज 180 डी किंवा 190 डीवर नंतर बांधलेली बॉडी, मागून लांबवलेली अ‍ॅम्बेसेडर, आणि टेम्पो मॅटाडोर. दिसायला मर्सिडीज राजेशाही, पण वापराला मॅटाडोर शहाणी: पुढची चाकं ओढतात, मागे शाफ्ट नाही, म्हणून डेक खाली राहतो आणि चार माणसांना पेटी खांद्यापर्यंत उचलावी लागत नाही. तिचे पुढचे जॉइंट मात्र आधी तपासा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कटकट आवाज आला तर तो खर्च किमतीतून वजा करा.

इंजिन बघून गाडी घेऊ नका. अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन आजही मिळतं. हर्सला हर्स करतो तो तिचा मागचा भाग, आणि तो एकदा गेला की कुठल्याही दुकानात मिळत नाही.

डेक म्हणजे लाकडी तळ, त्यात आडवे रोलर, आणि कडेने पितळी पट्ट्या. पट्टीत ओळीने भोकं असतात. पेटी सरकू नये म्हणून त्यांत खिट्ट्या बसवतात. फोंड्याजवळच्या गाडीत पट्ट्यांवर काळा रंग होता. नखाने खरवडलं तर खाली पिवळं, चुंबक चिकटेना, म्हणजे पितळ अस्सल. स्क्रू एकाच खाचेचे, आणि खाचेत मेण भरलेलं. मेणबत्त्यांचं मेण वर्षानुवर्षं गळून स्क्रूच्या डोक्यात बसलं असेल तर तो डेक अलीकडे कोणी उघडलेला नाही. ते साफ करायला जाऊ नका, आधी फोटो काढा. उलट चारखाची स्टार स्क्रू आणि भोकांच्या कडा चकचकीत दिसल्या तर सगळं काल-परवा बसवलेलं आहे.

आता गंज. शीतगृह हाताशी नव्हतं तेव्हा परदेशातून नातेवाईक येईपर्यंत शव बर्फात ठेवत, आणि ते पाणी गाडीतही येई. फटींतून ते डेकखाली उतरतं, तिथे वारा लागत नाही, म्हणून पत्रा वरून नाही, आतून जातो. मागची एक फळी उघडून बघू द्या असं सरळ सांगा. विकणारा तयार नसेल तर जॅक लावा, खाली ठोकळे द्या आणि मोबाइलचा कॅमेरा वर करून शूटिंग घ्या. टेस्टरचं टोक तीन ठिकाणी दाबा: सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) मागच्या टोकाला, स्टेपनीच्या खोलगट जागेत, आणि मागची स्प्रिंग जिथे बसवलेली असते तिथे. पहिल्या दोन ठिकाणी टोक आत गेलं तर पत्रा कापून नवा लावता येतो. तिसऱ्या ठिकाणी गेलं तर नमस्कार करून निघा. बाहेरून चुंबक रुमालात गुंडाळून फिरवा; जिथे तो घसरतो तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. म्हापशाच्या गाडीचं अख्खं मागचं दार लांबीचं निघालं.

लाकडी सांगाडा सागाचा किंवा फणसाचा असतो. पान्याच्या मुठीने ठोका. पोकळ आवाज आला आणि बारीक माती गळली तर वाळवी. नवा डेक करायचा झाल्यास 12 मिमी मरीन प्लाय आणि पितळीच स्क्रू वापरा, लोखंडी स्क्रू ओल्या सागात काळे डाग पाडतात. सपाट काचा कुठेही कापून मिळतात, फक्त लॅमिनेटेड घ्या. वळणदार काच गाडीबरोबर आली नाही तर ती नाहीच असं धरा.

180 डीचे हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना तापणारे) एका माळेत जोडलेले असतात. एक जळला की चारही थंड, आणि मालक सांगतो 'पंप गेला'. पंपाला हात लावण्याआधी एकेक प्लग मीटरने तपासा.

कागद बघताना सगळ्यात आधी मालक कोण ते बघा. पालिका, पंचायत किंवा सरकारी खात्याची 15 वर्षांवरची गाडी 1 एप्रिल 2023पासून नोंदणीत राहू शकत नाही. ती भंगार केंद्रात जाते. अशा गाडीवर फिरण्याची स्वप्नं रचू नका. चर्चची असेल तर फाब्रिकेचा लेखी ठराव हवा. खासगी मालक वारला असेल तर फॉर्म 31 (गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज), आणि गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते, म्हणून बायकोसह सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. आमचा एक व्यवहार लिस्बनमधल्या एका भावाच्या सहीवाचून अडलेला आहे.

विंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण लागतात. 1982ची मॅटाडोर 2032पर्यंत थांबेल. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या वेळी 5,000. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. इथेच हर्स अडते: बॉडी मुळात गॅरेजात बांधलेली. म्हणून जुन्या आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) बॉडीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तिथे 'हर्स' असेल तर बोलायला आधार आहे, 'सलून' (म्हणजे साधी बंद मोटार) असेल तर गाडी स्वस्तातच घ्या. विंटेज नोंदणीवर भाड्याने अंत्ययात्रा करता येत नाहीत. डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी उजवीकडे करून घेऊ नका; चालणारे इंडिकेटर असले की कायद्याला ती चालते. चेसिस नंबरचा पेन्सिलीने छाप जागेवरच घ्या आणि आरसीशी जुळवा.

महाराष्ट्रात न्यायची तर फॉर्म 28ची एनओसी (ना हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रकवर चढवताना मागची लांब शेपूट रॅम्पला घासते; 8 फुटी फळ्या पुरत नाहीत, 12 फुटी न्या. पट्टे बॉडीला नव्हे, एक्सलला बांधा. रोलर काढून गोधडीत गुंडाळा आणि खिट्ट्या मोजून पिशवीत घाला. चोर्ला घाटाच्या वळणांवर सुटलेला एक रोलर आतल्या काचेपर्यंत पोहोचला होता.