स्किझोफ्रेनिया, डोपामाईन आणि आपण

आमच्या कोल्हापुरात अजूनही कुणाला आवाज ऐकू यायला लागले, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटायला लागलं की पहिला सल्ला येतो, नरसोबाच्या वाडीला नेऊन आणा. न्या की, दत्ताच्या पायावर डोकं ठेवायला कोण नको म्हणतंय, पण डॉक्टरकडं पण न्या, कारण हा स्किझोफ्रेनिया असू शकतो, आणि हा आजार मेंदूतला आहे.

१९५२ ला पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन नावाचं औषध पेशंटना दिलं आणि भास कमी झाले, का झाले ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. मग १९६३ ला स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की ही औषधं डोपामाईनचे (मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) रिसेप्टर, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या जागा, अडवत असावीत. उलट अ‍ॅम्फेटामाईन हे उत्तेजक औषध डोपामाईन वाढवतं, आणि त्याच्या अतिवापरानं धडधाकट माणसालाही तसेच भास, तसाच संशय! या आजारात डोपामाईनचा हात आहे याचा मला हा पुरावा सगळ्यात जोरदार वाटतो.

पण एवढ्यानं भागत नाही. माणूस गप्प होतो, अंघोळ नको, कुणाशी बोलणं नको, घरचे आळशी म्हणतात (फार वाईट वाटतं हे ऐकून), त्यावर या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. केटामाईन या भुलीच्या औषधानं ग्लुटामेटचे (हेही मेंदूतलं निरोप नेणारं रसायन) रिसेप्टर अडवले की भासही होतात आणि हा अलिप्तपणाही येतो, म्हणून संशोधक आता ग्लुटामेटकडंही बघतात. शिवाय आनुवंशिकता आहे, गांजा आहे, ताण आहे. एकटं डोपामाईन नाही. आणि आईबापाच्या वळणाचा दोष तर अजिबात नाही, हे पेशंटच्या आईला कुणीतरी सांगा प्लीज.