राजाच्या नावाने घेतलेली शपथ

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी कात्री. एप्रिल २०२४मध्ये ब्रॅम्प्टनच्या घरी बसून मी कॅनडाची नागरिक झाले. शपथविधी झूमवर होता. कागदपत्रं तपासून झाल्यावर अधिकारी बाई म्हणाल्या, पीआर कार्ड, म्हणजे कायमच्या रहिवासाचं ओळखपत्र, कॅमेऱ्यासमोर धरून कापा. कार्ड चिवट निघालं, कात्री दोनदा घसरली. शेवटी माझ्या फोटोच्या कपाळातूनच ते दुभंगलं. ज्या कार्डाला इतकी वर्षं जिवापाड जपलं, त्याचे दोन तुकडे हातात धरून दाखवताना पोटात कालवलं.

तोवरचे सोपस्कार तसे सरळ होते. पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिल्याचा हिशेब द्यायचा, मग वीस प्रश्नांच्या परीक्षेत किमान पंधरा उत्तरं बरोबर आणायची. अडखळले ते अभ्यासाच्या सरकारी पुस्तिकेतल्या एका वाक्यापाशी. कॅनडात आपण निष्ठा वाहतो ती राज्यघटनेला, झेंड्याला किंवा देशाला नाही, तर सगळ्यांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या एका व्यक्तीला, असं त्यात लिहिलंय. ती व्यक्ती म्हणजे ब्रिटनचा राजा, तोच कॅनडाचाही. शाळेत रोज ‘माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची’ प्रतिज्ञा म्हणत मी मोठी झाले. हे वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना.

धार्मिक शपथ नको असेल तर ‘अफर्म’, म्हणजे देवाला मध्ये न आणता गांभीर्याने वचन देते, असं म्हणायची मुभा आहे. राजाचं नाव गाळायची नाही. उजवा हात वर करून मी तिसऱ्या चार्ल्सशी, त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन असं म्हटलं, आधी इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये. पुढे कायदे पाळण्याचं, आदिवासी समाजांचे हक्क मानणाऱ्या राज्यघटनेचं वचन आलं, तिथे आवाज आपोआप मोकळा झाला.

साताऱ्याहून बाबा व्हिडिओ कॉलवर बघत होते. “तिथल्या आमदार-खासदारांनाही हेच म्हणावं लागतं का गं?”

लागतं. १८६७च्या घटना कायद्याचं कलम १२८ तसं सांगतं. २०२२मध्ये क्वेबेक प्रांताच्या तीन आमदारांनी ही शपथ नाकारली, तेव्हा १ डिसेंबरला त्यांना सभागृहाच्या दारातच अडवलं. लोकांनी निवडून दिलेली माणसं! त्याच महिन्यात तिथल्या विधानसभेने कायदा करून राजाची शपथ काढून टाकली. क्वेबेकच्या जनतेशी निष्ठेची शपथ राहिली. राजधानी ओटावातल्या संसदेत मात्र खासदारांना पर्यायी शपथ देणारं विधेयक माझ्या शपथविधीच्याच महिन्यात, १० तारखेला, पडलं.

शपथेतला राजा म्हणजे माणूस नव्हे, राज्यव्यवस्थेचं प्रतीक, असं ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने २०१४मध्ये म्हटलं होतं. मग प्रतीकाला वारस कसे? नागरिकांच्या शपथेबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. हा देश मी स्वतः निवडला, त्याची रीतही स्वीकारली. पण खासदाराला पाठवतो मतदार. त्याने बांधील राहायचं ते त्या मतदारांशी आणि घटनेशी. भारतात खासदार राज्यघटनेशीच निष्ठेची शपथ घेतात आणि मला तेच योग्य वाटतं.

एप्रिल २०२५च्या निवडणुकीत मी इथे पहिल्यांदा मत दिलं. त्याआधी प्रचाराला दारी आलेल्या मुलीला विचारलं, तसं विधेयक पुन्हा आलं तर तुमचा उमेदवार कुठल्या बाजूने? तिला सांगता आलं नाही. पण तिने वही काढली, प्रश्न लिहून घेतला आणि खाली माझा फोन नंबर.