निब्लिकविना एक हंगाम : जॉन बॉलच्या वाटेने हिकरीचा सराव

गेल्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे ऑक्टोबरपासून मी गोल्फच्या सरावात निब्लिक घरीच ठेवला आहे. पिशवीतला सर्वांत कलत्या तोंडाचा हा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, जुन्या काळचा इंग्रज गोल्फपटू जॉन बॉल याला आवडत नसे. जवळचा, उंच चढून अलगद उतरणारा फटका मारायची वेळ आली की तो मिड-आयर्नसारख्या कमी कलाच्या क्लबाचे तोंड उघडे करून हवी तेवढी उंची काढी. हे वाचून सोडून देण्यापेक्षा हातांनी तपासून पाहावे, असे मनात आले आणि पुण्याच्या हिवाळ्यातल्या सकाळी त्यासाठी राखून ठेवल्या.

हिकरीकडे, म्हणजे हिकरी लाकडाच्या दांड्याच्या जुन्या क्लबांकडे, नुकतेच वळलेल्यांसाठी बॉलविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. त्याचा जन्म १८६१ साली इंग्लंडमधील होयलेक येथे झाला. रॉयल लिव्हरपूल क्लबचे मैदान त्याच्या वडिलांच्या हॉटेलला लागूनच असल्याने गोल्फ त्याच्या अंगणातच होता. १८७८ साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविकच्या ओपन स्पर्धेत (हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही खुल्या) तो सोळाव्या वर्षी चौथ्या क्रमांकाच्या बरोबरीत राहिला. त्या वेळी स्वीकारलेले किरकोळ रोख बक्षीस पुढे त्याच्या हौशीपणाच्या आड येऊ दिले गेले नाही आणि १८८८ ते १९१२ या काळात त्याने ब्रिटिश अमॅच्युअर (हौशी खेळाडूंचे) विजेतेपद आठ वेळा मिळवले. १८९० साली प्रेस्टविकलाच ८२ आणि ८२ अशा दोन फेऱ्यांत १६४ फटके खेळून त्याने ओपनही जिंकली. तोवर ओपनचा प्रत्येक विजेता स्कॉटिश आणि व्यावसायिक होता. बॉल हा पहिला इंग्रज आणि पहिला हौशी विजेता. त्याच वर्षी अमॅच्युअर स्पर्धाही त्याच्याच नावावर लागली. एका वर्षात ही दोन्ही विजेतेपदे मिळवणारा दुसरा खेळाडू थेट १९३० साली झाला, तो बॉबी जोन्स, आणि त्याने त्या वर्षीची ओपन जिंकली तीही होयलेकच्याच मैदानावर.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. नोव्हेंबरात कोरडी हवा सुरू होताच माझ्या मिड-आयर्नचे डोके दांड्यावर सैल झाले. क्लब कानाशी धरून हलवला की डोक्याच्या, दांडा बसतो त्या नळीतून बारीक टकटक ऐकू येई. विकताना हा दांडा पक्का बसवलेला असल्याचे मला सांगण्यात आले होते, पण रिव्हेट काढून पाहिल्यावर आत लाकडाचा भुसा आणि जुन्या सरसाची पापुद्री एवढेच हाती लागले. आधी मी जुना उपाय केला आणि डोके रात्रभर पाण्यात उभे ठेवले. लाकूड फुगून पकड घट्ट झाली खरी, पण दोन आठवड्यांत ती पहिल्यापेक्षाही ढिली झाली, कारण फुगलेले तंतू लोखंडी नळीत चेपले जातात आणि वाळल्यावर पूर्वीच्या जाडीवर येत नाहीत. हा उपाय कोणीही करू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शेवटी टोक पॉलिश पेपरने साफ करून इपॉक्सीने बसवले, पितळेचे नवे रिव्हेट ठोकले आणि नळीच्या वरच्या कडेवर चप्पल शिवायचा मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळला. दांड्याला रंगाच्या दुकानात मिळणारे बेलतेल (जवसाचे तेल) तीन दिवस, रोज एक पातळ हात, असे दिले. जास्त लावले तर ते चिकट राहते आणि धूळ धरते.

सराव डिसेंबरात नीट सुरू झाला. माझ्या मिड-आयर्नचा कल आजच्या दोन किंवा तीन क्रमांकाच्या आयर्नइतकाच आहे, त्यामुळे सरळ तोंडाने मारलेला चेंडू तीस यार्डांवरच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) थांबण्याचा प्रश्नच नव्हता. मी तोंड उघडे केले, तर चेंडू उजवीकडे जाऊ लागला. उभे राहण्याची दिशा डावीकडे वळवली, तर क्लबाची खालची कड आधी लागून चेंडू जमिनीलगत सुसाट पळू लागला. चूक पकडीत होती. मी सवयीप्रमाणे बोटांत क्लब धरत होतो आणि चेंडूशी पोचेपर्यंत मनगटे वळून उघडलेले तोंड पुन्हा बंद करत होती. बॉल दोन्ही हातांच्या तळव्यांत क्लब घट्ट धरी. तशी पकड घेतल्यावर मनगटांची हालचाल आपोआप कमी झाली, तोंड उघडे ते उघडेच राहिले, आणि पहिल्यांदा चेंडू गवतातून अलगद उचलला जाऊन ग्रीनच्या कडेला दोन टप्प्यांत थांबला. बॉलची पकड अनेकदा त्याची लकब म्हणून सांगितली जाते, पण ती आणि उघड्या तोंडाचा फटका ही एकच गोष्ट आहे असे मला आता ठामपणे वाटते.

दांड्याची पिळवटही लक्षात घ्यावी लागते. हिकरी पोलादासारखी ताठ नसते. जोर वाढवला की डोके मागे रेंगाळते आणि तोंड ठरवल्यापेक्षा अधिक उघडते. म्हणून हा फटका सावकाशच मारावा लागतो. १९१२ साली वेस्टवर्ड हो येथे एब मिचेलविरुद्धचा अमॅच्युअरचा अंतिम सामना अडतिसाव्या होलपर्यंत लांबला आणि पन्नाशीतल्या बॉलने तो जिंकला, हे मला आठ विजेतेपदांच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते ते याच कारणाने. त्याच्या खेळाचा पाया ताकदीवर नव्हता, म्हणून वय वाढले तरी तो खेळ त्याला सोडून गेला नाही. चषक होयलेकच्या इतिहासाचे आहेत. हा फटका मात्र हिकरी हातात घेणाऱ्या प्रत्येकाला अजून शिकता येतो.

जानेवारीअखेरची स्थिती अशी : गवतावरून वीस चेंडूंपैकी अकरा ग्रीनवर थांबतात, कडक, उघड्या जमिनीवरून जेमतेम चार. वाळूतून अजून एकही नाही. पुढचे दोन महिने बंकरसाठी ठेवले आहेत, आणि निब्लिक कपाटातच राहील.