तुम्ही विचारलंत म्हणून: गाव नक्की कुणाचं?

कोल्हापुरात कर्नाटकातल्या निपाणीकडचं खेडं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तुम्ही कानडी का?" नाही. आणि "इतकी वर्षं झाली, सीमाप्रश्न सोडा की आता" हे ऐकून तर कान किटलेत.

सोडायचं म्हणजे काय? 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा राखला, तो कोल्हापूरला आला. बाकी जिल्हा म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला. हद्द ठरवताना जिल्हा नको, गाव हा घटक धरा, एवढंच तर मागणं आहे. शेताचा उतारा कानडीत. मराठी शाळेत शिकलेल्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. पोरांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागाची सवलत आहे, पण त्यासाठी दोन दाखले: गाव वादग्रस्त भागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. घोळ होतो तो नावात. कानडी कागदावरून इंग्रजीत उतरलेलं आडनाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही, आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाचं मात्र नीट सांगतो. वेशीवर फलक होता, 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर'. जुलै 2014 मध्ये कोर्टाच्या आदेशावरून तो काढला. गावानं पुन्हा उभा केला. 27 तारखेला, रविवारी, पोलीस फौजफाट्यासह आले. फलक पाडला, लाठ्या चालवल्या, घराघरांत शिरून माणसं झोडपली. आदेश कोर्टाचा होता, मान्य. पण फलक वेशीवर होता. लाठी स्वयंपाकघरापर्यंत कशाला गेली? पूर्वी मीच म्हणायचो, फलकानं काय होतंय, रेशन तिकडचं, मतदान तिकडचं. ते आजही खरंच आहे. तरी तसं म्हणायला आता जीभ रेटत नाही.

आता न आवडणारं. सीमाप्रश्नावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला होती, त्यात निपाणी आणि खानापूर. इकडची 247 तिकडे, कर्नाटकाकडे, जायची होती, आणि बेळगाव शहर तिकडेच राहायचं होतं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. बेळगाव सोडून आपलंच तेवढं पदरात पाडून घ्यायचं, हे बरोबर नव्हतंच. पण घेतलं असतं तर निपाणी भाग तेव्हाच सुटला असता. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तारखा पडतात, आणि हा हिशेब डोक्यातून जात नाही.

बेळगावच्या पाहुण्यांसमोर मी हे अजून काढलेलं नाही.