पार्ट कुठे मिळाले? तुम्ही विचारलंत म्हणून

गाडी कुठेही उभी केली की दोन-चार जण जवळ येतात. कुणी हात मागे बांधून भोवती एक फेरी मारतं, कुणी वाकून खाली बघतं, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "एवढ्या जुन्या गाडीचे पार्ट कुठे मिळाले हो तुम्हाला?" मी "मिळतात की" म्हणते आणि विषय तिथेच राहतो. खरं उत्तर उभ्या उभ्या द्यायचं नाही, म्हणून आज नीट लिहिते.

गाडी १९२३ची फोर्ड मॉडेल टी. पार्टांचं म्हणाल, तर जुन्या गाड्यांमध्ये हिच्याइतकी सोपी गाडी शोधून सापडणार नाही. १९०८ ते १९२७ या काळात ही दीड कोटीच्या वर बनली. त्यामुळे हिचे गॅस्केट, पिस्टनच्या रिंगा, टायमर, गिअरचे बँड, अगदी रेडिएटरसुद्धा आजही नवे तयार होतात. यादी केली, मागवलं, आलं. माझी गाडी पार्टांसाठी एक दिवसही अडली नाही. ती अडली सगळे पार्ट जागच्या जागी बसल्यावर.

त्याआधी इंजिन जाम होतं, ते सुटलं कसं एवढं सांगते. ज्या काकांकडे तीन मॉडेल टी आहेत त्यांना मी घाबरत घाबरत फोन केला होता. ते म्हणाले, "प्लग काढ, अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं करून चारही सिलिंडरमध्ये ओत आणि आठ दिवस तिकडे फिरकू नकोस. हँडलवर उभी राहू नकोस. जोर लावलास की काहीतरी तुटणार." मी आठाचे अकरा दिवस केले. अकराव्या दिवशी इंजिन हाताने फिरवायचं पुढचं हँडल नखभर हललं. नखभर पुढे, नखभर मागे, असं करत संध्याकाळपर्यंत इंजिन एक पूर्ण फेरा फिरलं. फोनवर सांगितलं तेव्हा काका नुसतं "हं" म्हणाले, पण त्यांना आनंद झाल्याचं मला कळलं.

आता अडलं कुठे ते. या इंजिनाला ऑइल पंप नाही, पाण्याचा पंप नाही, पेट्रोलचा पंपही नाही. पेट्रोल सीटखालच्या टाकीतून आपल्या वजनाने खाली येतं. बिघडायला फारसं काही नाहीच, एक इग्निशन, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडायची व्यवस्था, सोडली तर. चार सिलिंडरना चार वेगळ्या कॉइल, प्रत्येक कॉइल आपल्या लाकडी डबीत, आणि डबीच्या माथ्यावर दाराच्या जुन्या घंटीसारखा थरथरणारा पॉइंट. ज्या सिलिंडरची पाळी, त्याच्या कॉइलला टायमर करंट देतो आणि ती गुणगुणायला लागते. माझ्या चारपैकी दोन मुक्या होत्या, एक तडतडत होती, चौथी मनात आलं तर बोलायची.

नव्या कॉइल मिळतात, मी घेणारही होते. काकांनी मला आधी एका ताईंकडे पाठवलं. त्या वर्षानुवर्षं कॉइलच दुरुस्त करतात. त्यांनी डबीची एक बाजू उघडली. आत गच्च डांबर भरलेलं. ते कोरून कोरून त्यांनी आतला कंडेन्सर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारा भाग, बाहेर काढला: कागदाची आणि पातळ पत्र्याची वळकटी, बोटांनी दाबली तर भुगा होईल अशी. "शंभर वर्षं झाली, कागद किती तग धरणार?" त्या म्हणाल्या. त्या जागी ०.४७ मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर गेला. मग पॉइंट घासले आणि डबी टेस्टरवर चढवली. पॉइंटच्या पत्तीचा ताण असा जमवायचा की कॉइलने १.३ अँपिअर घ्यावेत. काटा त्या आकड्यावर आला तेव्हा मला वाटलं, झालं. ताई म्हणाल्या, "काटा सोड, आवाज ऐक." आवाजात मधूनच एक ठसका होता. एका ठिणगीच्या जागी दोन पडत होत्या. त्यांनी चिमट्याने पत्ती केसभर वाकवली आणि ठसका गेला, भुंग्यासारखा एकसारखा नाद सुरू झाला. उरलेल्या तीन त्यांनी माझ्याकडून करून घेतल्या. दुसरीला मला दोन तास लागले. त्या शेजारी बसून होत्या आणि त्यांनी एकदाही चिमटा माझ्या हातातून घेतला नाही.

नवीन कॉइल घेतल्या असत्या तर गाडी कदाचित आधी चालू झाली असती. पण तो ठसका ओळखायला मी कुठे शिकणार होते? पुस्तकं माझ्याकडे आहेत, त्यांत १.३चा आकडाही आहे. ठसका पुस्तकात नाही.

चारही कॉइल गाऊ लागल्या तरी गाडी काही चालू होईना. हँडल मारलं की फट्, कार्बोरेटरमधून उलटा भडका. एका रविवारी काका आले, ताई आल्या, आणि त्यांच्याबरोबर कॉलेजात शिकणारी दोन मुलं. त्यांची स्वतःची गाडी नाही, पण कुठे जुनं इंजिन उघडतंय म्हटलं की ती हजर. काकांनी माझ्या वायरी एकदाच बघितल्या. चूक त्यांना तेव्हाच दिसली असणार, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी स्विच बंद करून चारही प्लग काढायला लावले आणि एकेका भोकावर एकेकाला अंगठा ठेवायला सांगितला. पहिल्यावर स्वतः काका, दुसऱ्यावर ताई, तिसऱ्यावर आणि चौथ्यावर ती मुलं. "तू हँडल फिरव. सावकाश. ज्याच्या अंगठ्याला हवा ढकलेल त्याने आपला नंबर बोलायचा."

मी फिरवत गेले. "एक," काका म्हणाले. "दोन," ताई. मग शेवटचा मुलगा, "चार!" आणि त्याच्या शेजारचा, "तीन." पुन्हा एक, दोन, चार, तीन. ज्या क्रमाने हवा दाबली जाते, त्याच क्रमाने ठिणगी पडायला हवी. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत हा क्रम एक-तीन-चार-दोन असतो. तोच माझ्या डोक्यात पक्का होता आणि वायरी मी त्याच हिशोबाने जोडल्या होत्या. मॉडेल टीचा क्रम वेगळा आहे. काका एका वाक्यात सांगून मोकळे होऊ शकले असते. तसं केलं असतं तर मी विसरलेही असते. आता आयुष्यात विसरणार नाही, कारण तो क्रम मला चार माणसांच्या आवाजात ऐकू येतो.

वायरी बदलल्या. स्टिअरिंगच्या डावीकडची दांडी वर करून स्पार्क मागे घेतला, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं. हँडल डाव्या हाताने धरायचं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि खालून वर ओढायचं, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो, मनगट वाचतं. दुसऱ्याच ओढीला इंजिन चालू झालं. बॅटरीवर. मी स्विच मॅग्नेटोकडे वळवला आणि ते तिथल्या तिथे बंद पडलं.

मॅग्नेटो म्हणजे या गाडीचं स्वतःचं वीजघर. फ्लायव्हीलवर १६ चुंबक बसवलेले, समोर १६ कॉइलचं कडं. इंजिन फिरलं की वीज तयार होते आणि बॅटरीची गरज उरत नाही. काकांनी आधी मॅग्नेटोचा वरचा संपर्क उघडला. गिअरचे बँड म्हणजे गिअरबॉक्समधल्या ड्रमना आवळणारे पट्टे; त्यांचं अस्तर सुती असतं, त्याचे झिजलेले तंतू तेलात फिरून तिथे बोळ्यासारखे जमतात. बोळा होताच. तो काढला, तरी बॅटरीवर इंजिन चालवून त्या संपर्काला जोडलेला दिवा जेमतेम लाल झाला. चुंबकच मेले होते. काकांचा अंदाज असा की पूर्वी कधीतरी कुणीतरी बॅटरीची वायर चुकून या संपर्काला जोडली असेल. तेवढ्यानेही चुंबक उतरतात.

पुढच्या रविवारी ते १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आणि एक होकायंत्र घेऊन आले. इंजिन खाली उतरवायचं नाही, काही खोलायचं नाही. मॅग्नेटोची वायर सोडवली आणि संपर्काच्या थोडं मागे, गिअरबॉक्सवरच्या फळीवर होकायंत्र ठेवलं. मी हँडल हळूहळू फिरवत होते. आतले चुंबक सरकतील तशी सुई वळत होती, कधी इकडे, कधी तिकडे. सुई गाडीच्या लांबीला समांतर झाली, उत्तरेचं टोक पुढे आलं, तसे काका म्हणाले, "बास. आता श्वास पण घेऊ नकोस." तिन्ही बॅटऱ्या एकामागे एक जोडून ३६ व्होल्ट. उणे इंजिनाला, अधिक संपर्काला, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. चट्. निळी ठिणगी. पुन्हा चट्. पाच-सहा वेळा. आधी मरगळल्यासारखी फिरणारी सुई आता जागच्या जागी ताठ उभी होती.

वायर परत जोडली, बॅटरीवर इंजिन चालू केलं, थोडं गरम होऊ दिलं. मग मी स्विच वळवला. मध्ये क्षणभर काहीच नसतं, इंजिन अधांतरी असतं. आणि मग ते वाढलं. थ्रॉटलला कुणी हात लावला नव्हता, तरी आवाज आपोआप वर चढला, मोकळा झाला, चारही कॉइल एका सुरात. ताईंनी डोळे मिटले होते. त्या ठसका शोधत होत्या, मला माहीत आहे, आणि तो नव्हता.

त्या मुलांना लगेच एक चक्कर हवी होती. मलाही. काकांनी हात पुढे करून स्विच बंद केला. या गाडीचा पायाचा ब्रेक गिअरबॉक्समध्ये असतो, चाकांवर नाही; त्याचा जोर चाकांपर्यंत मागच्या अ‍ॅक्सलमधूनच पोहोचतो, आणि त्या अ‍ॅक्सलमधले मऊ धातूचे जुने वॉशर भुगा झाले तर पेडल दाबून काही उपयोग नसतो.

"मागचा अ‍ॅक्सल उघडल्याशिवाय ही दाराबाहेर जायची नाही," ते म्हणाले आणि जॅक कुठे आहे ते विचारलं.