शिंदळ माकुडी: दुष्काळ पचतो, बोअरचं पाणी जड जातं

उन्हाळ्यात माझ्या शिंदळ माकुडीच्या दोन्ही कुंड्यांतली पानं पिवळी पडून गळाली आणि करंगळीएवढी जाड, राखाडी-हिरवी खोडं तेवढी उरली. शेजारच्या काकूंनी ‘गेली ती, टाका आता’ म्हणून निकाल दिला. मी एका खोडाची साल नखाने जराशी खरवडून दाखवली, आत हिरवंगार आणि ओलं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: शिंदळ माकुडी म्हणजे फ्रेरिया इंडिका. निसर्गात फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी-सज्जनगडासारख्या कड्यांच्या कपारीत वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने १८६० च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. कपारीत माती मूठभर, पाऊस चार महिने आणि पुढे तापलेला कातळ.

यावर तिचा तोडगा मला भारी वाटतो. पावसाळ्यातली पानं साध्या झाडासारखी दिवसा रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, उघडून काम करतात. पाणी भरपूर, मग उधळायला हरकत काय! पाऊस संपला की पानं टाकायची आणि कारभार खोडाकडे द्यायचा. खोड रात्रीच्या गारव्यात रंध्रं उघडतं, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा दारं लावून त्याच साठ्यावर अन्न शिजवतं. एकाच झाडात दोन्ही पद्धती, त्याही ऋतूप्रमाणे.

आता पाण्यातल्या क्षारांचं. रोपवाटिकेतल्या एकाच रोपाच्या फांद्या, मुरूम-वाळूचं तेच मिश्रण, दोन्ही कुंड्या पत्र्याखाली, म्हणजे पावसाने माती धुतली जाणार नाही. एकीला साठवलेलं पावसाचं पाणी, दुसरीला बोअरचं. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ९०० च्या वर. जूनमध्ये दोन्हींना पानं फुटली, पण बोअरवालीची लहान आणि टोकाला तपकिरी, करपल्यासारखी. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरली. ती बहुधा चुन्याचीच, तिची फार भीती नाही. खरा उपद्रव सोडियम आणि क्लोराइडचा, आणि टीडीएस मीटर त्यांना वेगळं दाखवत नाही.

मातीत क्षार वाढले की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. क्षारपड रानात उभा ऊस पाण्यात असून सुकतो, तसंच. खाडीतली तिवर क्षार पानांवाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहा, खारट लागेल. माकुडीकडे तशी सोय नाही. कड्यावर पाऊस दरवर्षी कपार धुऊन काढतो, तिला ती गरज पडली नसावी. रंध्रं बंद ठेवून पाणी वाचतं, मुळाशी साचलेला क्षार कमी होत नाही.

एका जोडीवरून सिद्धान्त मांडू नये, मान्य. पण सध्या पावसाच्या पाण्यावरच्या कुंडीत लालसर, पिवळे ठिपके असलेली चांदणीसारखी फुलं आहेत, माश्या घोंघावतायत. बोअरवालीच्या कळ्या गळाल्या. तिला आता साठवलेलं पाणी भोकातून वाहून जाईपर्यंत दोनदा देणार आणि मग पूर्ण वाळू देणार. नवीन पानांची टोकं कशी येतात ते पुढच्या पावसाळ्यात कळेल. कोकणात कुणी लावली असेल तर खाऱ्या वाऱ्यात पानं कशी राहतात, जरूर कळवा. आणि फांदी रोपवाटिकेतूनच घ्या. गडावरून तोडून आणलेलं रोप कुणी दाखवायला आणू नये.