कुठले रंग वापरता? तुम्ही विचारलंत म्हणून

टाकाऊ सामानातून घरात केलेली एखादी वस्तू कुणी बघितली की कौतुकाच्या पाठोपाठ हा प्रश्न येतोच, 'कुठले रंग वापरता हो?' आणि मग तक्रार, की आमचे रंग आठ दिवसांत उडतात, बाटलीवरचे तर नखाने निघतात, पुठ्ठ्यावर लाल लावला की विटकरी दिसतो वगैरे. 'ॲक्रिलिक' असं एका शब्दात उत्तर देता येतं पण त्याने तुमचं काही भलं होणार नाही, कारण ज्या वस्तू बघून तुम्ही विचारताय त्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तूंना मी रंग लावलेलाच नाहीये. तो त्या वस्तूचा स्वतःचाच रंग आहे. बाटलीचं निळं झाकण निळं आहे कारण ते कारखान्यातूनच निळं निघालंय, प्लॅस्टिकच्या आत पार तळापर्यंत रंग मुरलेला, त्याच्या तोडीचा रंग तुम्ही-मी ब्रशने लावूच शकत नाही.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हे की सामान 'वस्तू' म्हणून साठवू नका, 'रंग' म्हणून साठवा. बहुतेक घरांत झाकणं एका पिशवीत, बटणं एका डबीत, चिंध्या एका गाठोड्यात असतात. मी उलटं करतो. लाल झाकण, लाल बटण, लाल लोकरीचा तुकडा, मासिकातलं लाल पान, तुटलेल्या खेळण्याचा लाल पाय, सगळं एका पारदर्शक बरणीत. पिवळ्याची वेगळी, निळ्या-हिरव्याची वेगळी. आता काही करायला बसलात की झाकणांचं काय करू असा प्रश्न पडत नाही, हातात थेट लाल येतो, आणि त्यात दहा प्रकारचा लाल असतो, चकचकीत, मळकट, केशरीकडे झुकणारा, किरमिजी. हे असं मिश्रण ट्यूबमधल्या एका लालने होत नाही. ज्यांना हे पोरखेळ वाटतं त्यांनी एल अनात्सुई या घानात जन्मलेल्या शिल्पकाराचं काम बघावं. मद्याच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं आणि त्यांच्या गळपट्ट्या चपट्या करून, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवून त्यांनी भिंतभर पडदे केलेत, सोनेरी, लाल, काळे, आणि हे सगळे रंग बुचांचे स्वतःचेच. 2015 साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला.

झाकणांवर रंग का टिकत नाही तेही सांगून टाकतो कारण तक्रारी सगळ्यात जास्त त्याच्याच असतात. झाकणाच्या आत बारीक अक्षरात बघा, बऱ्याचदा त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असतो. (हे आकडे 1988 पासून आले, प्लॅस्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून.) 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दोन्ही मेणचट जातीची, त्यांना दुसरं काही चिकटूनच घ्यायचं नसतं. घासा, धुवा, काही करा, पाण्यात मिसळणारा रंग वर नुसता बसतो आणि वाळला की सालीसारखा निघतो. खास या प्लॅस्टिकसाठीचे प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचे अस्तर, मिळतात पण फुकटच्या झाकणासाठी महागाचा प्रायमर आणायचा हे गणित मला तरी पटत नाही. तेच गोंदाचं, फेविकॉलने झाकण पाटीवर चिकटणार नाही, आज चिकटलंय वाटेल आणि उद्या टपटप खाली. म्हणून झाकणं मी चिकटवतच नाही, भोक पाडून तारेने किंवा जाड दोऱ्याने शिवतो. भोक पाडायला सुई तापवून घुसवायची आयडिया बरेच जण सांगतात, ती नको, धूर होतो आणि भोकाच्या कडेला गाठ येते. झाकण लाकडाच्या ठोकळ्यावर उपडं ठेवा आणि दाभण नाहीतर छोटं हॅन्ड ड्रिल वापरा, ठोकळा खाली असला की झाकण चिरत नाही.

एखाद्या वस्तूवर रंग बसेल की नाही हे कळायला एक सोपी टेस्ट आहे, पाण्याचा थेंब. वस्तू साबणाने स्वच्छ धुवून कोरडी करा आणि वर एक थेंब टाका. थेंब पसरला तर रंग बसेल. थेंब गोल मणी होऊन उभा राहिला तर एकतर अजून तेलकटपणा आहे नाहीतर मूळ पदार्थच तसा आहे. काच नीट धुवून स्पिरिटने पुसली की थेंब छान पसरतो, आणि न धुतलेल्या काचेवर तुमच्या बोटांचे ठसेच रंगाला उचलून धरतात, नखाने निघतो तो याच्यामुळे. पत्र्याच्या डब्याला आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात असतोच असं धरून चाला. आणि लेबलचा चिकटपणा जात नसेल तर स्वयंपाकाचं तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळा, दहा मिनिटं ठेवा, मग साबण. सोडून द्यायची घाई करू नका, त्या चिकट पट्ट्यावरूनच नंतर पोपडा सुटतो.

धुणं झालं की बारीक पॉलिश पेपरचा एक हात, चमक मरेपर्यंत, जास्त नाही. पत्र्यावर अजून एक काम असतं ते म्हणजे गंज, पाण्यातला रंग उघड्या लोखंडावर लावला तर खालून तांबूस डाग वर येतात, तेव्हा तिथे आधी मेटल प्रायमरचा हात मारावाच लागतो, त्याला शॉर्टकट मला सापडलेला नाही. डब्याला भोकं पाडून कंदील करायचा असेल तर डब्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये बर्फ होऊ द्या आणि मग खिळा ठोका, बर्फाचा आधार असल्यामुळे पत्रा आत चेपत नाही. काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो आणि तळ बाहेर येतो.

आता पुठ्ठा, जो सगळ्यांकडे असतो आणि ज्याच्यावर सगळ्यांचे रंग मरतात. कारण एवढंच की पिवळा आणि बरेचसे लाल हे पारदर्शक रंग आहेत. प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो, खालच्या पृष्ठभागावरून परत येतो आणि मग आपल्याला दिसतो. खाली तपकिरी असेल तर पिवळ्याचं मातकट होणारच, तुम्ही चार हात द्या नाहीतर सहा द्या. खाली पांढरा द्या, एकच हात पिवळा पुरतो. आणि त्या पांढऱ्यासाठी कुठलं भारी सामान नको, घर रंगवून उरलेला भिंतीचा पांढरा इमल्शन उत्तम, तो झाकतोही चांगला आणि त्याची खरखर वरच्या रंगाला पकडून ठेवते. हा एक डबा माझ्या टेबलावरची सगळ्यात कामाची वस्तू आहे असं मी शपथेवर सांगेन. फक्त एक लक्षात ठेवा, पुठ्ठ्याला एकाच बाजूने ओला रंग लावला की तो वाळताना वाकतो, मागच्या बाजूलाही तेवढाच हात द्यायचा, दिसो न दिसो.

पोस्टर कलर चालेल का असं पण विचारतात. चालेल, स्वस्त आहे, मुलांना बरा, पण त्यात डिंकासारखा बांधणारा पदार्थ असतो जो पाणी लागलं की परत विरघळतो, त्यामुळे वरून पाण्याचा वार्निश मारायला गेलात की सगळं फराटे. त्यात थोडा पांढरा गोंद घालून लावला तर हाताला कमी लागतो. ॲक्रिलिकमध्ये उलट, पाणी उडून गेलं की आतले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो आणि तो पाण्याला दाद देत नाही. अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो म्हणून वाळला असं समजू नका मात्र, काचेवर किंवा पत्र्यावर पूर्ण पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्यात धुतलात तर निघेल आणि मग तुम्ही मला विचाराल. स्केचपेन आणि क्रेप कागद यांचा रंग विरघळणारा असतो, उन्हात महिन्याभरात फिका पडतो, खिडकीत ठेवायच्या वस्तूला ते नकोतच.

माझे सगळ्यात लाडके दोन उद्योग बिनरंगाचे आहेत. एक मासिकाच्या कागदाचे मणी. पानाच्या उंचीइतका लांब त्रिकोण कापायचा, तळाशी दोनेक सेंटिमीटर रुंद, टोकाला निमुळता, आणि रुंद बाजूकडून काडीभोवती घट्ट गुंडाळत जायचं, शेवटी गोंद. सगळे जण सुंदर चित्र असलेलं पान शोधतात आणि मणी झाल्यावर नाराज होतात की चित्र गेलं कुठे. अहो ते आत गेलं. प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा थोडा अरुंद असल्यामुळे बाहेर फक्त त्रिकोणाच्या दोन तिरक्या कडा दिसतात आणि शेवटचं टोक. म्हणजे बघायचं ते कडांवर काय रंग येतोय एवढंच. आता मी साधं पांढरं रद्दीचं पानसुद्धा घेतो, त्रिकोण कापून झाले की फक्त कडांवरून रंगीत पेन्सिल नाहीतर मार्कर फिरवतो आणि मण्यावर बारीक रेषा येतात, कुणाला खरं वाटत नाही. गुळगुळीत कागदाचे मणी कडक आणि नेटके होतात, वर्तमानपत्राचे फुगतात आणि वर्षभरात पिवळे पडतात, त्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो आणि तो उजेडाने पिवळा होतो.

दुसरा म्हणजे जुन्या टी-शर्टचं सूत. खालची शिवण कापून टाका, बगलेखाली आडवं कापा, एक नळी हातात येईल. तिच्या अडीचेक सेंटिमीटरच्या पट्ट्या कापत जायचं पण एका बाजूला चार बोटं न कापता सोडायची, नंतर तो जोडलेला भाग उघडून एका पट्टीतून पुढच्या पट्टीत तिरकं कापत जायचं, अख्खा शर्ट एक सलग पट्टी होतो. मग ती ताणायची. ताणली की कडा आत गुंडाळल्या जाऊन गोल दोरी होते, आणि इथे एक गंमत आहे, आडव्या कापलेल्या होजिअरीच्या कडा कापडाच्या सुलट बाजूकडे वळतात, म्हणजे दोरीच्या बाहेर दिसते ती उलट बाजू. छातीवरचा भडक प्रिंट आत गडप होतो आणि बाहेर त्याची नुसती पुसट छटा राहते. म्हणून शर्ट निवडताना उलटा करून बघा, रंग तिथला मोजायचा. बाजूला शिवण नसलेला शर्ट मिळाला तर भाग्य, नाहीतर दर वेढ्याला शिवणीची गाठ येते. या सुताच्या वेण्या घालून गोल चटई शिवली, क्रोशाच्या सुईने टोपली विणली, काहीही करा, रंग धुण्यात जायचे तेवढे शर्टाच्या आयुष्यात आधीच जाऊन झालेले असतात.

एवढं सगळं सांगितल्यावर ग्लिटरचं विचारतात, त्याला माझा साफ नकार. ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या फिल्मचेच बारीक तुकडे असतात, जुनं प्लॅस्टिक वाचवायला बसायचं आणि नवं प्लॅस्टिक भुरभुरायचं याला काही अर्थ नाही, शिवाय ते घरातून जात नाही ते वेगळंच. युरोपीय संघाने तर ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदीच आणली. चमक हवी असेल तर वेष्टणांच्या आतली चंदेरी बाजू असतेच की, धुवून कातरली की झालं. ग्लू गनचंही माझं मत फार चांगलं नाही, गुळगुळीत काचेवर तो गोंद थंड झाला की टक्कन सुटतो आणि उन्हात ठेवलेल्या वस्तूत मऊ पडतो, पुठ्ठ्याला-कापडाला ठीक.

आणि पारदर्शक पाण्याची बाटली, जिच्या तळाशी 1 लिहिलेलं असतं, तिची फुलं मी करत नाही. तिचं रिसायकलिंग सगळ्यात सुरळीत होणाऱ्यांपैकी आहे, तुम्ही तिला रंग फासून गोंद लावलात की तो रस्ता बंद, आणि वर्षभराने ते फूल कचऱ्यातच जाणार. 3 आकडा असलेलं पीव्हीसी तर तापवायच्या कुठल्याही उद्योगात घेऊच नका, त्यातून निघणारा धूर घातक असतो.

तरीही कुठले रंग घेऊ हेच ऐकायचं असेल तर मोठे डबे न घेता चारच घ्या, पांढरा मोठा, आणि पिवळा, गुलाबीकडे झुकणारा मॅजेंटा, आकाशीकडचा निळा हे लहान. केशरी, हिरवा, जांभळा यांतूनच होतात. काळा घेऊ नका, घेतलात की प्रत्येक गडद छटेसाठी हात तिकडेच जातो आणि सगळं कळकट होतं, निळ्यात थोडा केशरी घातला की त्याहून चांगला गडद मिळतो. ब्रश दोन पुरेत, एक रुंद, एक बारीक, आणि ते धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायच्या आधी रात्रभर तसंच राहू द्या, रंगाचा गाळ खाली बसतो, तो कागदाने पुसून कचऱ्यात टाकता येतो.